कट्ट्यामागं किलो

देगलूरहून उदगीरकडे निघालं की मध्ये कोडगूर लागतं. लागतं म्हणजे एसटी थांबते, ड्रायव्हर चहाला उतरतो आणि चढताना दोन बायका जागेवरून भांडतात, एक मराठीत आणि एक कानडीत. पण मोडावर, म्हणजे फाट्यावर, भुसार मालाचा उपबाजार आहे, आणि त्या बाजारात गुरुपादप्पा चौतीस वर्षं मापाडी होता.

शहरातल्या माणसाला मापाडी समजावून सांगावा लागतो. शेतकरी सोयाबीन घेऊन आला की माल कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून अडत्याच्या दुकानापुढच्या काट्यावर चढतो. काट्यावरचा आकडा वाचून जो मोठ्यानं पुकारतो, तो मापाडी. मुनीम वहीतून मान वर काढत नाही, ऐकू येईल ते लिहितो. म्हणजे मालाचं वजन काट्यावर ठरत नाही, मापाड्याच्या तोंडात ठरतं. एवढा अधिकार तालुक्यात तहसीलदारालाही नसेल.

गुरुपादप्पाच्या छातीवर पितळेचा बिल्ला असायचा, नंबर सात. सकाळी आंघोळ झाली की आधी इष्टलिंगाची पूजा आणि मग चिंचेनं बिल्ल्याची घासणी. पार्वतम्मा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की देवापेक्षा बिल्ल्याला जास्त वेळ मिळतो. त्यात खोटं काही नव्हतं. देवानं त्याला काय दिलं ते सांगता येत नाही, बिल्ल्यानं घर दिलं होतं, दोन पोरींची लग्नं करून दिली होती आणि मोडावरच्या हॉटेलात बसायला बाकड्याची कड दिली होती.

आणि त्याचं नाव होतं. 'अप्पाचा काटा' म्हटलं की पंचक्रोशीत कुणी तोंड उघडत नसे. आता हे नाव कसं झालं तेही सांगतो, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही. कोडगूरच्या बाजारात रीत होती, कट्ट्यामागं किलो. काट्यावर एक्कावन आलं की पन्नास पुकारायचं. का, तर बारदान्याचं वजन, शिवाय माती, शिवाय ओल. रिकामा कट्टा तोलला तर शंभर ग्रॅम भरतो, आणि सोयाबीनमध्ये माती असली तर भावातच कापतात. पण रीत म्हणजे रीत. कागदावर तिला बंदी होती. बंदीचा बोर्ड काट्याच्या वरच लावलेला होता आणि त्याच्या खिळ्याला गुरुपादप्पा आपली पिशवी अडकवायचा.

बाकीचे मापाडी दीड किलो कापत. कुणी पावणेदोन. गुरुपादप्पा मात्र किलो म्हणजे किलोच कापायचा, गरिबाचाही आणि पाटलाचाही. ओळखीपाळखीला माफी नाही. "काट्यावर सोयरा नसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक म्हणत, माणूस असावा तर असा. चोरीतसुद्धा पै इकडची तिकडे करत नाही असं कुणी म्हणत नव्हतं, कारण तिला चोरी म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या तर मुळीच नाही. डोळा एक्कावन बघायचा आणि जीभ पन्नास म्हणायची. मधली वजाबाकी कधीच बंद पडली होती.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दसरा होऊन दिवाळी यायची होती तेव्हा, जिल्ह्यात अमली पदार्थांविरुद्ध नवं कृती दल निघालं. लोक त्याला 'टास्क' म्हणत. टास्कला नवी जीप होती, पाठीवर मोठी अक्षरं असलेली काळी जाकिटं होती आणि एक ड्रोन होता, जो पहिल्याच आठवड्यात चिंचेच्या झाडात अडकून बसला. दलाच्या प्रमुख होत्या पीएसआय महानंदा केंद्रे. अहमदपूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. तेलंगणातून गांजा येतो, देगलूरवरून उदगीर, उदगीरवरून लातूर, आणि लातुरात क्लासला आलेल्या पोरांच्या खोल्यांपर्यंत जातो, एवढं त्यांनी चार महिने खपून शोधलं होतं.

खबर पक्की होती. सकाळी अकराला टास्कनं कोडगूरच्या मोडावर लाल मिरचीचा टेम्पो अडवला. वरची मिरची उपसता उपसता अख्खं दल शिंकायला लागलं. आरोपी तेवढा शांत उभा होता, त्याला सवय असावी. मिरचीच्या तळाशी दोन कट्टे निघाले, गच्च गांजानं भरलेले.

आता कायद्याची गोष्ट. वीस किलोच्या वर गांजा सापडला तर तो धंद्याचा माल. कमीत कमी दहा वर्षं, जामीन जवळपास नाहीच. वीसच्या आत असला तर वकील चांगला असेल तर माणूस सणाला घरी येतो. म्हणून वजन महत्त्वाचं. टास्कनं वजनकाटा आणला होता, नवा कोरा. त्यात सेल नव्हते. तालुक्याहून यायचे सरकारी पंच रस्त्यातच कुठंतरी पंक्चर होऊन बसले होते. केंद्रे मॅडमनी समोर बघितलं तर बाजार, काटा आणि बिल्लेवाला माणूस.

गुरुपादप्पा तेव्हा ग्यानोबाचं सोयाबीन तोलायच्या बेतात होता. ग्यानोबा म्हणजे जवळच्या वाडीचा शेतकरी, खाऊनपिऊन सुखी आणि जिभेनं तिखट. टास्कनं दोघांनाही पंच केलं. ग्यानोबाचे अकरा कट्टे बाजूला सरकले आणि गांजाचे दोन कट्टे काट्यावर आले. सगळा बाजार गोळा झाला. चौतीस वर्षांत गुरुपादप्पाला एवढी गर्दी मिळाली नव्हती. त्यानं बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला, खाकरला आणि रोजच्या सुरात पुकारलं.

"लाभ! नऊ नऊशे पन्नास."

मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. गांजालाही लाभच म्हटला. लिहिणाऱ्या हवालदारानं मॅडमकडे बघितलं. एक लिही, म्हणाल्या. दुसरा कट्टा चढला, नऊ सातशे. एकूण एकोणीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम. सगळं मोबाईलवर टिपलं जात होतं, पण टिपणाराही शिंकत होता. त्यामुळं चित्रात काट्याचा आकडा कुठंच धड दिसत नाही. गुरुपादप्पाचा आवाज मात्र खणखणीत आहे.

आकडा ऐकून मॅडमचा चेहरा उतरला. साडेतीनशे ग्रॅमसाठी चार महिन्यांची मेहनत हलकी झाली होती. आरोपीनं पहिल्यांदाच मान वर करून मापाड्याकडे बघितलं. नमस्कारच करायचा, पण हातात बेड्या होत्या. पंचनामा वाचून दाखवला गेला, दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. गुरुपादप्पानं ती हॉटेलात दोनदा वाचून घेतली, आपलं नाव दोन्ही वेळा चुकीचं छापलेलं असूनही.

आठ दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तो माल सील तोडून पुन्हा तोलला गेला. पोलिसांकडे ठेवलेला गांजा कमी होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुकतो, उंदीर खातात, उंदरांची नावं कुणी विचारत नाही. पण हा गांजा वाढला होता. बारदाना सोडून भरला एकवीस किलो चारशे चाळीस ग्रॅम.

आरोपीच्या वकिलाला आणखी काय पाहिजे? त्यानं अर्ज ठोकला की पंचांसमोर एकोणीस असलेला माल पोलीस ठाण्यात एकवीस होतो, म्हणजे केंद्रे मॅडमनी वीसची रेघ ओलांडायला वरचा गांजा स्वतः घातला. मॅडमवर खात्याची चौकशी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

मॅडम साध्या साडीत बाजारात आल्या. जीप नाही, जाकीट नाही. गुरुपादप्पासमोर पोत्यावर बसल्या आणि सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "अप्पा, माझे वडील अहमदपूरला माल घालायचे. मला रीत माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी कट्ट्याचा किलो तर कापला नाही?"

त्या क्षणापर्यंत ही गोष्ट गुरुपादप्पाच्या ध्यानात आलीच नव्हती. आणि आली तेव्हा त्यानं काय केलं, तर दुकानाच्या आत बघितलं. आत संगमेश्वर शेठ बसले होते. शेठ म्हणजे बाजारातले सगळ्यात मोठे अडते, काटा त्यांचा, आणि बिल्ला ठेवायचा की काढायचा हेही तेच ठरवणार. शेठ वहीत बघत होते, पण कान इकडेच होते.

"न्हाई बा," गुरुपादप्पा म्हणाला. "काट्यावर आलं तेच बोललो."

मॅडम उठल्या, पदराला लागलेली धूळ झटकली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गुरुपादप्पाला ते बरं वाटलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

शेठनी नंतर जवळ बोलावलं, मायेनं चहा पाजला. कोर्टात काय बोलायचं ते शिकवलं. काटा उन्हात होता, उन्हानं सरकला असेल, एवढंच म्हणायचं. काटा सरकला तर कुणाचंच काही जात नाही. रीत बाहेर पडली तर मात्र शेतकरी उठतील, वरून चौकशी येईल, आणि मग बिल्ला कुणाच्या छातीवर राहील हे शेठलाही सांगता येणार नाही. शेठ हे सगळं फार दुःखानं सांगत होते.

काटा सरकला म्हटलं की खटला मरतो आणि चौकशीत मॅडमची वर्दी जाते, एवढं गुरुपादप्पाला कळत होतं. पण चौतीस वर्षांचा बिल्लाही दिसत होता. तो घरी आला आणि पार्वतम्माला म्हणाला की शेठ म्हणतात तेच बोलणार. पार्वतम्मा भाकरी थापत होती. भाजीवालीनं पन्नास ग्रॅम मारले तर गल्ली गोळा करणारी बाई ती. तिनं वळून न बघता विचारलं, "माझ्या भावाची तूर तुमीच मोजायचे न्हाई का?"

"मीच."

"तिचा बी कापला?"

गुरुपादप्पानं आपलं ठरलेलं वाक्य काढलं. काट्यावर सोयरा नसतो. आयुष्यभर अभिमानानं म्हटलेलं ते वाक्य स्वयंपाकघरात फार वाईट ऐकू आलं. पार्वतम्मानं भाकरी उलटली. तिचा भाऊ दरवर्षी तूर घालून झाली की ह्याच चुलीपाशी जेवून जायचा, जाताना बहिणीच्या हातावर साडीचे पैसे ठेवायचा, आणि म्हणायचा की दाजी काट्यावर हायेत म्हणून मी निवांत हाय. तो वारून सहा वर्षं झाली होती.

साक्ष निघायला वर्ष गेलं. नांदेडला जायचं म्हणून त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि बिल्ला लावला. पोलिसांनी काढायला सांगितला नाही. ग्यानोबाची साक्ष सकाळीच उरकली होती. आपण आकडा बघितला नाही, अप्पा बोलला तो खरा धरला, असं सांगून तो मागच्या बाकावर बसला होता. भिंतीशी केंद्रे मॅडम उभ्या होत्या. बाहेर व्हरांड्यात शेठनी पाठवलेला मुनीम होता, उगाच आलेला.

सरकारी वकिलानं विचारलं की पंचनाम्यातला आकडा तुम्हीच पुकारला का. हो म्हणाला. मग काट्यावर आकडा किती होता, असं विचारलं.

उत्तर तयार होतं. ऊन, काटा, सरकला. तीन शब्द. गुरुपादप्पानं तोंड उघडलं आणि त्याला ती पोत्यावरून उठून गेलेली साडी आठवली, भाकरी उलटणारा हात आठवला. बिल्ल्यावर हात ठेवून तो म्हणाला, "पुकारला त्याच्यात एकेक किलो मिळवा, साहेब. धा नऊशे पन्नास. आन् धा सातशे."

कोर्टात हालचाल झाली. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं की मग किलो कमी का सांगितला. गुरुपादप्पानं रीत सांगितली. कट्ट्यामागं किलो. कुणी शिकवली, तर कुणीच नाही, सगळ्यांना माहीत आहे. गांजाचा कशाला कापला, तर जिभेला गांजा आणि सोयाबीन वेगळं कळत नाही.

"रिकामा कट्टा किती भरतो?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शंभर ग्रॅम."

"मग राहिलेले नऊशे ग्रॅम कुणाचे?"

टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले होते.

"शेतकऱ्याचे, साहेब."

आरोपीचे वकील उठले. त्यांच्या हाताशी आलेला घास निघून चालला होता. म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही खोटं वजन पुकारत आलात, असं त्यांनी खडसावलं. हाव, म्हणाला. मग आज तरी खरं बोलताय हे कशावरून, असं विचारल्यावर गुरुपादप्पानं दाराकडे बघितलं आणि सांगितलं, "आज शेठ समोर न्हाईत."

बेरीज तिथंच झाली. एकोणीस सहाशे पन्नास, त्यात दोन किलो मिळवले, दोन रिकाम्या कट्ट्यांचे दोनशे ग्रॅम काढले, एकवीस साडेचारशे. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर भरलं होतं त्याच्यापेक्षा दहा ग्रॅम जास्त. तेवढा सुकला. उंदीर या खेपेला निर्दोष निघाले.

पुढं टेम्पोवाल्याला दहा वर्षं लागली. मॅडमवरची चौकशी मिटली. टास्कनं पत्रकार बोलावून फोटो काढले. चिंचेतून काढलेला ड्रोनसुद्धा फोटोत होता, गुरुपादप्पा नव्हता. त्याला बाजाराची नोटीस आली. किलो कापल्याबद्दल नव्हे, बाजाराची बदनामी केल्याबद्दल. बिल्ला जमा करायला तो स्वतः गेला, त्या सकाळीही चिंचेनं घासून. मॅडमनी फोन केला होता. आभार मानले आणि बिल्ल्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, आता देवाला वेळ मिळून राहिला.

बाजार काही सुधारला का? सुधारला की. कट्ट्यामागं किलोचा कट्ट्यामागं अर्धा झाला, आणि बंदीचा बोर्ड नव्यानं रंगवला. पण शेतकऱ्यांना एक वाक्य सापडलं. काट्यावर माल चढला की कुणीतरी मागून म्हणायचं, "आमचं बी गांजागत मोजा." मापाडी चिडायचा, मुनीम खाली बघायचा, शेठच्या चहात साखर कमी पडायची.

सोयाबीन निघालं तेव्हा ग्यानोबाच्या वाडीनं वर्गणी काढून काटा आणला. माल गावातच तोलायचा, आकडा लिहून घ्यायचा आणि मगच बाजाराला न्यायचा, असं ठरलं. पुकारायला कुणाला बोलवावं यावर वाद झाला. अप्पाला बोलवा, असं ग्यानोबा म्हणाला. चोराला बोलवायचं का, असं एकानं विचारलं. किती चोरलं हे ज्याला ग्रॅमवर माहीत हाय तोच पाहिजे, असं म्हणून ग्यानोबा देगलूरच्या एसटीत बसला आणि कोडगूरहून त्याला घेऊन आला.

पहिला कट्टा चढला. काट्यावर एक्कावन तीनशे आलं. गुरुपादप्पाचा आवाज लागला, "लाभ! पन्नास..." आणि तो अडकला. चौतीस वर्षांची जीभ, नोटिशीनं कशी सुधारणार? माणसं बघत होती. त्यानं आकडा पुन्हा वाचला, ओठ हलवून, शाळेतल्या पोरासारखा.

"लाभ. एक्कावन तीनशे."

ग्यानोबा वही घेऊन बसला होता. त्यानं लिहिलं नाही. "कट्ट्याचे शंभर काढा की, अप्पा," तो म्हणाला. "ते आमचे न्हाईत."

कोर्टात वाटली नव्हती एवढी लाज गुरुपादप्पाला तिथं वाटली. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत. सदऱ्यावर बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं होती, तिथं हात गेला आणि रिकामाच परत आला.

"एक्कावन दोनशे," त्यानं पुकारलं. ग्यानोबानं लिहून घेतलं, आणि दोघांनी मिळून दुसरा कट्टा वर घेतला.